तक्त्यावर लेव्हरकुझेन, मैदानात टेनिस बॉल

2023-24 च्या बुंडेसलीगाची, म्हणजे जर्मनीच्या पहिल्या श्रेणीच्या फुटबॉल लीगची, गोष्ट सगळे लेव्हरकुझेनपासून सुरू करतात, आणि त्यांना दोष देता येत नाही. 34 सामने, 28 विजय, 6 बरोबरी, हार एकही नाही. जर्मनीच्या पहिल्या श्रेणीत अख्खा हंगाम न हरता विजेता ठरलेला हा पहिलाच संघ. त्याआधीची सलग अकरा वर्षं विजेतेपदाची ती चांदीची थाळी म्युनिकच्या बायर्न क्लबकडेच गेली होती. पाहणाऱ्यांची उत्सुकता बहुतेक वर्षी फक्त दुसरा-तिसरा कोण आणि खालच्या श्रेणीत कोण घसरणार, एवढ्यापुरती उरायची. या वेळी बायर्न थेट तिसऱ्या क्रमांकावर, 72 गुणांवर. त्यांच्यावर एका गुणाने श्टुटगार्ट, जे आदल्याच वर्षी प्लेऑफ खेळून कसेबसे तगले होते. लेव्हरकुझेनचे गुण 90.

त्याच हिवाळ्यात आणखी एक लढत निकाली लागली, तिचा गुणतक्त्याशी संबंध नव्हता. प्रेक्षकांनी मैदानात टेनिस बॉल फेकले, सामने थांबले आणि लीगच्या व्यवस्थापनाला सुमारे एक अब्ज युरोचा करार गुंडाळून ठेवावा लागला. या दोन गोष्टी सहसा वेगवेगळ्या सांगितल्या जातात. पहिली क्रीडापानावर, दुसरी अर्थकारणाच्या. शेजारी शेजारी ठेवल्या की पंचाईत होते. टेनिस बॉलवाले ज्या 'पन्नास अधिक एक'च्या नियमाच्या रक्षणासाठी उभे होते तो नियम खुद्द विजेत्या संघालाच लागू नाही. ज्यांनी बायर्नची मक्तेदारी मोडली तो क्लब शंभर टक्के एका औषध कंपनीच्या मालकीचा आहे.

माझं म्हणणं असं, की टेनिस बॉलवाल्यांची बाजू बरोबर होती. मात्र तिचं समर्थन जे केलं जातं ते बहुतेक वेळा चुकीच्या कारणासाठी. लेव्हरकुझेनच्या हंगामाने ते चुकीचं कारण उघडं पाडलं.

आधी नियम. जर्मनीत फुटबॉल क्लब म्हणजे मूळची सभासदांची नोंदणीकृत संस्था. वर्गणी भरा, सभासद व्हा, वार्षिक सभेत हात वर करा. 1998 मध्ये जर्मन फुटबॉल संघटनेने या संस्थांना त्यांचा व्यावसायिक संघ वेगळ्या कंपनीत काढायला परवानगी दिली, कारण टीव्हीचे पैसे, खेळाडूंचे करार, कर्जं हे सगळं नोंदणीकृत मंडळाच्या चौकटीत मावेनासं झालं होतं. पण अट घातली: कंपनीत भांडवल कोणाचंही असो, मतांपैकी निम्मी अधिक एक मूळ संस्थेकडेच राहतील. हाच तो पन्नास अधिक एकचा नियम. बायर्नमध्ये आदिदास, आउडी आणि आलियान्झ यांचे प्रत्येकी सव्वाआठ टक्क्यांच्या आसपास शेअर आहेत, उरलेले पाऊणशे टक्के क्लबचे. डॉर्टमुंड तर 2000 पासून शेअर बाजारात आहे, तरी कारभाराची किल्ली सभासदांच्या संस्थेकडेच. पैसे घाला, नफा घ्या, जाहिरात करा. हुकूम सोडू नका, असा एकूण मामला.

अपवाद दोन: लेव्हरकुझेन आणि वोल्फ्सबुर्ग, म्हणजे बायर आणि फोक्सवागन. हॉफनहाइमचे दिएतमार हॉप हे तिसरे होते, त्यांनी 2023 मध्ये आपला बहुमताचा हक्क सोडून दिला. अपवादाचं कारण ऐतिहासिक. हे कारखान्यांचे संघ. 1903 च्या अखेरीस बायरच्या कारखान्यातल्या कामगारांनी सह्यांचं पत्र देऊन कंपनीकडे क्रीडा मंडळाची मागणी केली आणि पुढच्या वर्षी ते निघाले. म्हणजे कंपनीने क्लब विकत घेतला नाही, कामगारांनी तो मागून घेतला. हा फरक बारीक आहे, पण त्याला पुसून टाकता येणार नाही. व्यवहार मात्र आजही साधा आहे: वर्षाला नफा झाला तर तो कंपनीकडे जातो, तोटा झाला तर कंपनी भरून काढते. असं उबदार पांघरूण बोखुम किंवा फ्रायबुर्गला कोणी देत नाही.

आता त्या संघाचं श्रेय काढून घेणं हा कोतेपणा होईल. ऑक्टोबर 2022 मध्ये झाबी अलोन्सो आला तेव्हा लेव्हरकुझेन तळातून दुसरं होतं, आणि अलोन्सोने त्याआधी कुठल्याही पहिल्या श्रेणीच्या संघाला प्रशिक्षण दिलेलं नव्हतं. 2023 च्या उन्हाळ्यात मुसा दियाबी विकला गेला. त्या पैशांतून जे आले ते सगळे नेमून दिलेल्या कामासाठी आले: आर्सेनलमधून ग्रानिट झाका, बेल्जियममधून व्हिक्टर बोनिफेस, ग्लाडबाखमधून योनास होफमान, आणि बेन्फिकातून अलेक्स ग्रिमाल्डो, तोही फुकट, कारण त्याचा करार संपला होता. योसिप स्तानिशिच तर बायर्नकडून उसना घेतलेला. डॉर्टमुंडविरुद्ध भरपाईच्या सातव्या मिनिटाला, आणि पुढे युरोपा लीगच्या उपांत्य फेरीत रोमाविरुद्धही भरपाईच्या सातव्याच मिनिटाला, त्याने बरोबरी साधली. बायर्नच्या माणसाने बायर्नला खाली ढकललेल्या संघाची अपराजित मालिका वाचवली. असल्या गमती फुटबॉलच करू जाणे.

14 एप्रिल 2024 चा ब्रेमेनविरुद्धचा सामना ज्यांनी पाहिला त्यांना वेगळं सांगायला नको. तीस हजारांचं छोटंसं स्टेडियम, पाच सामने हातात, जिंकलं की विजेतेपद. बोनिफेसची पेनल्टी, मग झाकाचा लांबून मारलेला गोल, मग फ्लोरियान व्हिर्ट्झ. चौथा गोल झाल्यावर लोक कडेच्या फलकांवरून उड्या मारून आत आले, त्यांना विनवण्या करून माघारी धाडलं. नव्वदाव्या मिनिटाला व्हिर्ट्झने तिसरा स्वतःचा आणि पाचवा संघाचा गोल केला. मग कोणी कोणाचं ऐकेना, आणि रेफरीने शिट्टी वाजवून टाकली. 1904 पासून वाट पाहिलेलं पहिलं लीग विजेतेपद. 2002 मध्ये याच क्लबने लीग, जर्मन कप आणि चॅम्पियन्स लीग अशा तिन्ही ठिकाणी शेवटच्या पायरीवर हार खाल्ली होती आणि त्यांना कायमचे उपविजेते असं चिडवणं जर्मनीत रूढ झालं होतं. ती गर्दी मैदानात का घुसली हे समजायला एवढं पुरे.

पण मग पन्नास अधिक एकच्या विरोधकांच्या हातात आयतं कोलीत आलं. ते म्हणाले, बघा, मक्तेदारी मोडली कोणी? सभासदांच्या क्लबने? नाही. ज्यांना नियम लागू नाही त्यांनी. नियम काढा, आणखी दहा लेव्हरकुझेन तयार होतील.

या युक्तिवादाला नियमाचे समर्थक जे उत्तर देतात ते मला पटत नाही. ते म्हणतात, नियमामुळे स्पर्धा समतोल राहते, पैसेवाल्यांना क्लब विकत घेता येत नाही म्हणून लहानांना संधी मिळते. अहो, अकरा वर्षं! नियम असतानाच एका क्लबने सलग अकरा वेळा लीग जिंकली. 2013 मध्ये ग्योट्झे, पुढच्या वर्षी लेवांडोव्स्की, 2016 मध्ये हुमेल्स. डॉर्टमुंड उभं राहतंय असं दिसलं की बायर्न त्याचा एक खांब काढून नेत असे, आणि हे सगळं पूर्णपणे नियमात बसणारं होतं. बायर्नचा पैसा चॅम्पियन्स लीगमधून येतो, जगभर विकल्या जाणाऱ्या जर्सींतून येतो, म्युनिकसारख्या श्रीमंत शहरातल्या प्रायोजकांकडून येतो. मतांचा हक्क कोणाकडे आहे याने त्यात फरक पडत नाही. टीव्हीच्या पैशांचं वाटप बदललं तर पडेल, पण तो विषय निघाला की बहुतेक जण घड्याळाकडे बघतात.

विरोधकांचंही गणित तितकंच कच्चं आहे. बाहेरचा पैसा आणि यश यांचं नातं ते गृहीत धरतात. हेर्टा बर्लिनकडे पाहा. 2019 पासून लार्स विंडहोर्स्ट यांच्या गुंतवणुकीतून तिथे तब्बल 374 दशलक्ष युरो आले. 2023 मध्ये हेर्टा शेवटच्या क्रमांकावर राहून दुसऱ्या श्रेणीत गेलं. त्याच उन्हाळ्यात वर कोण आलं? हायडनहाइम. पन्नास हजार वस्तीचं गाव, पंधरा हजारांचं स्टेडियम, आणि 2007 पासून तोच एक प्रशिक्षक, फ्रांक श्मिट, जो चौथ्या श्रेणीपासून संघाला हाताला धरून वर घेऊन आला. पहिल्याच हंगामात त्यांनी 0-2 वरून बायर्नला 3-2 हरवलं आणि आठव्या क्रमांकावर राहून युरोपचं तिकीट काढलं. आणि स्वतः लेव्हरकुझेन? कंपनी तर तिथे 120 वर्षं होती. पैसाही होता. विजेतेपद आलं ते अलोन्सो, व्हिर्ट्झ आणि चोख खरेदी यांची मोट बांधली गेली तेव्हा. 2025 मध्ये अलोन्सो माद्रिदला गेला, व्हिर्ट्झ लिव्हरपूलला. थाळी त्याआधीच म्युनिकला परतली होती. कंपनी जागच्या जागी आहे.

तेव्हा मालकी आणि यश यांचा सांधा दोन्ही बाजूंनी जोडून बघा, बसत नाही. मग हा नियम हवा कशाला? याचं उत्तर त्या हिवाळ्यात मिळालं.

पहिल्या दोन श्रेणींचे 36 क्लब मिळून डीएफएल ही लीगची व्यवस्थापक संस्था चालवतात. मे 2023 मध्ये तिने एक प्रस्ताव मांडला: टीव्ही हक्कांच्या उत्पन्नातला साडेबारा टक्के वाटा वीस वर्षांसाठी एखाद्या गुंतवणूक कंपनीला द्यायचा आणि सुमारे दोन अब्ज युरो आगाऊ घ्यायचे. दोन तृतीयांश मतं, म्हणजे 24 हवी होती. बाजूने पडली 20, प्रस्ताव बारगळला. सहा महिन्यांनी तोच प्रस्ताव कमी मापाचे कपडे घालून परत आला: आठ टक्के, सुमारे एक अब्ज. 11 डिसेंबर 2023 ला मतदान झालं. बाजूने 24, विरोधात 10, तटस्थ 2. बरोबर काठावर, एक मत इकडचं तिकडे झालं असतं तर पुन्हा नापास.

आणि त्या एका मताभोवतीच संशय फिरू लागला. हनोफर 96 या क्लबच्या मूळ संस्थेने व्यवस्थापक मार्टिन काइंड यांना प्रस्तावाच्या विरोधात मत द्यायला सांगितलं होतं. मतदान गुप्त. काइंड यांनी आपलं मत जाहीर केलं नाही. पण विरोधात मत दिलेले दहा क्लब कोणते हे हळूहळू पुढे आलं आणि त्यात हनोफर दिसेना. आता बघा, पन्नास अधिक एकचा सारा अर्थच हा, की कंपनीच्या प्रतिनिधीने सभासदांच्या संस्थेचा आदेश पाळायचा. त्याच नियमाखाली चालणाऱ्या लीगचा सर्वांत मोठा आर्थिक निर्णय कदाचित तोच नियम मोडून झाला असेल, आणि गुप्त मतपेटीमुळे तो मोडला की नाही हेही कळायला मार्ग नाही. इथे खरं पाणी मुरत होतं.

मग स्टेडियममधल्या लोकांनी काय केलं? सुरुवातीला गप्प बसले. सामन्याची पहिली बारा मिनिटं घोषणा नाही, गाणं नाही, ढोल नाही. प्रेक्षक हा बारावा खेळाडू मानतात म्हणून बारा. नंतर मैदानात सोनेरी वेष्टनातली चॉकलेटची नाणी पडू लागली. मग टेनिस बॉल. 3 फेब्रुवारीला बर्लिनच्या ऑलिंपिक स्टेडियममध्ये हेर्टा आणि हांबुर्ग यांचा सामना अर्ध्या तासाहून अधिक वेळ अडला. खेळाडू बॉल गोळा करून बाजूला टाकतात तोवर पुढची खेप हजर. कुठे गोलपोस्टला सायकलची कुलुपं लावली, कुठे रिमोटवर चालणाऱ्या खेळण्यातल्या गाड्या धूर सोडत हिरवळीवर फिरल्या. आपल्याकडे टेनिस बॉल म्हणजे गल्लीतलं क्रिकेट. तिथे त्याने एक अब्जाचा करार पाडला. ही निवड विचारपूर्वक होती. टेनिस बॉलने कोणाला इजा होत नाही, टीव्हीवर हिरव्या पार्श्वभूमीवर पिवळा ठिपका ठळक दिसतो, आणि तो उचलायला वेळ लागतो. हे शस्त्रही नवीन नव्हतं. सोमवारी रात्री सामने ठेवायला सुरुवात झाली तेव्हा 2018 मध्ये फ्रँकफर्टमध्ये असेच बॉल पडले होते, आणि 2021-22 पासून सोमवारचे सामने बंद झाले. नोकरी करणाऱ्या माणसाने सोमवारी रात्री पाचशे किलोमीटर जाऊन मंगळवारी सकाळी कामावर कसं हजर व्हायचं, हा साधा प्रश्न होता.

इच्छुक गुंतवणूक कंपन्या दोन होत्या, ब्लॅकस्टोन आणि सीव्हीसी. फेब्रुवारीत ब्लॅकस्टोनने अंग काढून घेतलं. 21 फेब्रुवारीला डीएफएलच्या अध्यक्ष मंडळाने प्रक्रिया थांबवली.

इथे मला जो मुद्दा मांडायचा आहे तो हा. सभासदांच्या मालकीचा उपयोग सामने जिंकायला होत नाही. तो होतो नकार द्यायला. क्लबच्या आयुष्यात असे निर्णय येतात जे एकदा झाले की वीस वर्षं, कधी कायमचे, परत फिरवता येत नाहीत: टीव्ही हक्क गहाण टाकणं, स्टेडियम विकणं, गाव बदलणं, रंग बदलणं. अशा वेळी 'नाही' म्हणणारा कोणी तरी हवा, ज्याचं पोट त्या व्यवहारावर अवलंबून नाही. गुंतवणूकदाराला पाच-सात वर्षांत बाहेर पडायचं असतं. व्यवस्थापकाला पुढचा करार हवा असतो. सभासदाला त्या क्लबखेरीज दुसरीकडे जायला जागाच नसते, म्हणून त्याच्या नकाराला वजन.

आणि तो नकार शहाणपणाचा होता की आडमुठेपणाचा? शेजारच्या फ्रान्सकडे बघा. तिथल्या लीगने 2022 मध्ये आपल्या व्यावसायिक कंपनीचा 13 टक्के वाटा याच सीव्हीसीला दीड अब्ज युरोला विकला. वीस वर्षांची मुदतसुद्धा नाही. दोन वर्षांत टीव्ही हक्कांचा भाव कोसळला. डाझ्न या प्रक्षेपण कंपनीबरोबरचा करार एका हंगामातच मोडला आणि लीगला स्वतःचं चॅनेल काढावं लागलं. उत्पन्न आटलं तरी वाटेकरी कायम. तिथल्या सिनेटने चौकशी केली ती सगळं होऊन गेल्यावर. फ्रेंच प्रेक्षकांकडे टेनिस बॉल नव्हते असं नाही. त्यांच्या क्लबांत त्यांना मत नव्हतं, आणि मत नसलेल्याचा बॉल म्हणजे नुसता गोंधळ.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. मैदानात वस्तू फेकून निर्णय बदलायचा ही कुठली लोकशाही? 24 क्लबांनी रीतसर मत दिलं होतं. गोलमागच्या स्टँडमध्ये उभे राहणारे कट्टर समर्थक हे एकूण प्रेक्षकांत थोडेच. त्यांनी आरडाओरडा करून बहुमताला वेठीस धरलं, असं डीएफएलच्या बाजूचे लोक म्हणत होते. मलाही झुंडीचं कौतुक नाही. त्याच महिन्यांत काही ठिकाणी गुंतवणूक कंपन्यांच्या लोकांचे चेहरे नेमबाजीच्या वर्तुळात छापलेले फलक लागले, ते किळसवाणेच होते. पण रीतसर मताची रीत मोडली असल्याचा संशय असताना, आणि मतदान पुन्हा उघडपणे घ्यावं ही मागणी अनेक क्लबांकडूनच येत असताना, लीग जर ढिम्म राहिली तर लोकांनी करायचं काय? मतदान उघड झालं असतं तर मी स्वतः त्या टेनिस बॉलच्या बाजूने इतक्या ठामपणे बोललो नसतो.

सभासदांच्या मालकीबद्दल मराठी माणसाने हळवं होण्याची गरज नाही. आपण तिचं बालपण पाहिलंय आणि म्हातारपणही. ऱ्हाइनच्याच काठी, लेव्हरकुझेनच्या वरच्या अंगाला, एकोणिसाव्या शतकात राइफायझन यांनी शेतकऱ्यांच्या पतसंस्था उभ्या केल्या. फ्रेडरिक निकल्सन यांनी मद्रास सरकारला त्याच नमुन्याची शिफारस केली, आणि 1904 चा सहकारी पतसंस्थांचा कायदा आला. पुढे लोणीत विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी साखर कारखाना उभारला तो याच वंशावळीतला. एक सभासद, एक मत. आणि नंतर काय झालं हेही आपल्याला ठाऊक आहे. विषयपत्रिका वाचून व्हायच्या आत मांडवातून 'मंजूर, मंजूर'चा पुकारा, संचालक मंडळ घरातल्या घरात, आणि शेवटी कवडीमोल भावात विकलेले कारखाने. कागदावरचं मत जिवंत ठेवायला सभासद सभेला यावा लागतो आणि उठून भांडावा लागतो.

जर्मनीत तो भांडतो, एवढाच फरक, पण तो सगळा फरक आहे. नोव्हेंबर 2021 मध्ये बायर्नच्या वार्षिक सभेत कतार एअरवेजच्या प्रायोजकत्वावरून जे रणकंदन झालं ते आठवा. व्यासपीठाने ठराव मताला घेऊ दिला नाही, सभा मध्यरात्रीच्या सुमारास आवरती घेतली, मागून घोषणा चालूच. बोर्ड जिंकलं असं त्या रात्री वाटलं. 2023 मध्ये तो करार नूतनीकरण न होता संपला. मग क्लबने रवांडाशी हात मिळवला, म्हणजे शहाणपण पूर्ण आलं असं म्हणवत नाही. तरी तीन लाखांच्या वर सभासद असलेल्या, जगातल्या सर्वांत मोठ्या क्लबांपैकी एकाच्या अध्यक्षाला वर्षातून एकदा माइकसमोर उभं राहून शिव्या ऐकाव्या लागतात, हे मँचेस्टरमध्ये किंवा पॅरिसमध्ये घडत नाही.

पुण्यातही घडलं नाही. 2019 मध्ये एफसी पुणे सिटी हा फुटबॉल संघ बंद झाला आणि त्याची जागा हैदराबादला गेली. बालेवाडीत जे येत होते त्यांना कोणी विचारलं नाही, विचारायची तरतूदच नव्हती.

आणि या सगळ्यात आपण नेमके कुठे बसतो तेही सांगायला हवं. त्या एक अब्जातला मोठा भाग डिजिटल यंत्रणेवर आणि परदेशी बाजारपेठेवर खर्च होणार होता. परदेशी बाजारपेठ म्हणजे शनिवारी संध्याकाळी सात-आठला टीव्हीसमोर बसणारे ठाण्या-नाशिकचे तुम्ही-आम्ही. युक्तिवाद असा, की प्रीमियर लीग आपल्याला खेचून नेते, कारण तिच्याकडे पैसा आहे, तारे आहेत, झकपक सादरीकरण आहे. खरं आहे. पण बुंडेसलीगा लावणारा मराठी प्रेक्षक ती कशासाठी लावतो? डॉर्टमुंडच्या दक्षिण स्टँडमध्ये पंचवीस हजार माणसं उभी राहून गातात ते पाहायला. सामन्यामागे सरासरी सुमारे 39 हजार प्रेक्षक येतात, कारण तिकीट परवडतं. बायर्नसारख्या क्लबचाही उभं राहून पाहण्याचा हंगामी पास दीडशे-पावणेदोनशे युरोच्या घरात मिळतो. आपल्याला विकायची वस्तू जर तो स्टँड असेल, तर ती विकण्यासाठी त्या स्टँडलाच गप्प करणं म्हणजे अंड्यासाठी कोंबडी कापणं. डिसेंबरमधली ती बारा मिनिटं टीव्हीवर ज्यांनी ऐकली, त्यांना लीगकडे विकण्यासारखं नेमकं काय आहे ते लख्ख कळलं असेल.

आता नियमातली भोकं. लाइपझिगमध्ये 2009 साली रेड बुलने क्लब काढला. कंपनीचं नाव लावता येत नाही म्हणून 'रासनबालश्पोर्ट' असं नाव दिलं, आद्याक्षरं (आरबी) तीच राहिली. मतदानाचा हक्क असलेले सभासद एका एसटीत मावतील इतके. कागदावर पन्नास अधिक एक पाळलं जातं, आणि ताकाला जाऊन भांडं लपवण्याचं कारणही उरत नाही. या प्रकाराकडे लीगने इतकी वर्षं काणाडोळा केला आणि मग हनोफरमध्ये काय झालं याचं आश्चर्य वाटून घेतलं.

जून 2025 मध्ये जर्मनीच्या स्पर्धा नियामक कार्यालयाने आपलं मूल्यमापन जाहीर केलं. नियम मूलतः ठीक, पण तो सगळ्यांना सारखा लावा. क्लबांनी नव्या सभासदांना दार उघडं ठेवावं, लीगने स्वतःच्या मतदानातही नियमाचं भान ठेवावं, आणि लेव्हरकुझेन-वोल्फ्सबुर्गचे अपवाद कायमचे चालू ठेवू नयेत. मला हे तिन्ही मान्य आहे, आणि तिसऱ्यावर वाद होणार हेही दिसतंय. लेव्हरकुझेनचे समर्थक विचारतील, आमच्या आयुष्यातल्या एकमेव सोनेरी हंगामाची ही शिक्षा का?

शिक्षा कसली? कंपनीने पैसे काढून घ्यावेत असं कोणी म्हणत नाही. बायरचं नाव छातीवर राहू द्या, तोटा भरून काढायचा असेल तर तेही बाकीच्यांशी न्याय राखेल अशा मर्यादेत चालू द्या. फक्त क्लब विकायचा, हलवायचा किंवा त्याचे हक्क गहाण टाकायचे ठरलं तर लेव्हरकुझेनच्या सभासदांना विचारावं लागेल. बायर ही शेअर बाजारातली कंपनी आहे आणि मोन्सांतो ही बियाण्यांची कंपनी विकत घेतल्यापासून कर्ज आणि खटल्यांच्या ओझ्याखाली आहे. उद्या एखाद्या नव्या अध्यक्षाला हिशेब तपासताना फुटबॉल संघ ही अनावश्यक चैन वाटली, तर 14 एप्रिलला मैदानात उतरलेल्या माणसांच्या हातात आजच्या घडीला एकही मत नाही.